रिकाम्या गावातली मोठी घरं

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या तीन जिल्ह्यांची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. एक मुंबई शहर, आणि उरलेले दोन आमचे, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. रत्नागिरी जिल्ह्यात २००१ साली १६ लाख ९६ हजार माणसं होती, ती १६ लाख १५ हजारांवर आली. त्याच दहा वर्षांत अख्खा महाराष्ट्र सोळा टक्क्यांनी वाढला. लोकसंख्येचा स्फोट म्हणून जो काही होता, तो आमच्याकडे फुसका बार निघाला.

माझ्या पिढीने शाळेत 'लोकसंख्यावाढ : एक समस्या' या विषयावर इतके निबंध लिहिलेत की झोपेतसुद्धा पहिला परिच्छेद म्हणून दाखवू. आरोग्य केंद्राच्या भिंतीवर उलटा लाल त्रिकोण, खाली 'हम दो हमारे दो', आणि निबंधाचा शेवट ठरलेला : माणसं कमी झाली की जंगलं वाचतील, पाणी पुरेल, सगळ्यांना सगळं मिळेल. तेव्हाच्या जगाचं म्हणणंही साधारण हेच होतं. १९६८ साली अमेरिकेत जीवशास्त्रज्ञ पॉल एर्लिक यांनी लोकसंख्येला बॉम्ब म्हणून टाकलं आणि लवकरच कोट्यवधी लोक उपासमारीने मरणार असं भाकीत केलं. ते भाकीत चुकलं, पण बॉम्ब हा शब्द कायमचा चिकटला.

या हिशेबाने आमची संगमेश्वर तालुक्यातली वाडी एव्हाना नंदनवन व्हायला हवी होती. खाणारी तोंडं कमी झाली, चुली विझल्या, गुरं विकली गेली. वाडीत वर्षभर राहणारे आता बहुतेक साठीच्या पुढचे. शाळा पटसंख्येअभावी शेजारच्या गावातल्या शाळेला जोडली गेली. तरीही उन्हाळ्यात विहिरी पूर्वीपेक्षा लवकर तळ दाखवतात, सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी माळावर, चिरेखाणींची तांबडी भगदाडं पडली आहेत, खाडीतली वाळू उपसून उपसून काठ ढासळतायत, आणि वाडीत बांधकाम मात्र बारा महिने चालू आहे. कोणासाठी? बहुतेक कुलपासाठी.

आमचंच सांगतो. आजोबांचं घर एक होतं. चिऱ्याचं जोतं, मातीच्या भिंती, वर आधी नळे आणि नंतर मंगळुरी कौलं. ओटी, माजघर, पडवी, मागे न्हाणी. त्या घरात एकेकाळी आजी-आजोबा, तीन काका, काकवा आणि मुलं धरून डझनभर माणसं नांदत होती, शिवाय मुंबईहून येणारे-जाणारे. ते घर अजून आहे, पण आज त्याच परड्यात आणखी चार नवी घरं उभी आहेत. प्रत्येकाला स्लॅब आहे, आणि कोकणातला स्लॅब तीन हजार मिलिमीटर पावसात गळतो म्हणून प्रत्येक स्लॅबच्या डोक्यावर लोखंडी सांगाडा आणि निळा पत्रा आहे. प्रत्येक घराला स्वतंत्र बोअर, स्वतंत्र काळी टाकी आणि दोन-तीन संडास-बाथरूम. अंगणात पेव्हर ब्लॉक, कारण गाडीच्या चाकाला चिखल लागू नये. या चारही घरांत मिळून वर्षातले दहा महिने राहतं कोण, तर माझी थोरली काकू. गणपतीत मात्र चारही पंप एकदम सुरू होतात आणि भूगर्भ दणाणतो.

मी एकदा चुलतभावाला, आम्ही त्याला दादा म्हणतो, विचारलं, की राहायला कोणी नाही तर एवढं सिमेंट कशाला ओतलंस? तो मुंबईत गिरणीच्या संपानंतर वाताहत झालेल्या घरातून वर आलेला माणूस, फुकट एक रुपया खर्च करणार नाही. तो म्हणाला, "अरे, माणूस राहत असेल तर कौलं चालतात. माणूस नसेल तर स्लॅबच हवा."

या वाक्यावर मी बराच काळ विचार केलाय, कारण आमच्या शाळकरी निबंधाची सगळी रचनाच त्याने उलटी केली.

कौलारू घर उभं ठेवायला हात लागतात. मे महिन्यात कोणीतरी वर चढून कौलं परतायची, फुटकी बदलायची, सडलेले रीप काढायचे. वानरं उड्या मारून कौलं फोडतात, त्यांना हाकलायला कोणीतरी घरात असावं लागतं. वाशांना वाळवी लागते, ती वेळेवर दिसायला हवी. चुलीचा धूर वाशांना लागला की वाळवी कमी लागते असं म्हातारी माणसं सांगत. म्हणजे स्वयंपाकसुद्धा घराच्या डागडुजीचाच भाग होता. मातीच्या जमिनीला सारवण हवं, सारवणाला शेण हवं, शेणाला गुरं हवीत, गुरांना वैरण हवी आणि वैरणीसाठी भात लावायला हवा. ही साखळी माणसांनी धरून ठेवलेली होती. माणसं मुंबईला गेली, भात सुटला, वैरण गेली, गुरं गेली, शेण गेलं, सारवण गेलं, आणि लादी आली. गोठ्याच्या जागी गाडी आली. पावसानंतर छातीएवढं वाढणारं गवत कापायला चार बायका मिळत नाहीत म्हणून पेट्रोलवर चालणारा ग्रास कटर आला, आणि त्याचाही कंटाळा येतो म्हणून तणनाशक.

तोंडं गेली की भार उतरतो, हे आम्हाला शिकवलं होतं. तोंडाबरोबर हातही जातात आणि हातांची जागा सिमेंट, डिझेल आणि वीज घेतात, हा धडा पुस्तकात नव्हता. वाडीत माणूस जितका विरळ झाला तितकं एकेका माणसामागचं सामान वाढत गेलं.

हे फक्त आमच्या वाडीचं खूळ असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. जियांगुओ लिऊ नावाचे एक अभ्यासक चीनमधल्या वोलाँग या पांडांच्या अभयारण्यात काम करत होते. तिथे त्यांच्या लक्षात आलं की माणसांपेक्षा घरं कितीतरी वेगाने वाढतायत. तरुण जोडपी वेगळी चूल मांडत होती, आणि वेगळी चूल म्हणजे वेगळं सरपण. मग त्यांनी आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या जैवविविधतेने संपन्न प्रदेशांकडे पाहिलं, आणि २००३ साली 'नेचर' या विज्ञानविषयक नियतकालिकात निष्कर्ष मांडला. या प्रदेशांमध्ये घरांची संख्या लोकसंख्येपेक्षा जास्त वेगाने वाढते आहे, आणि जिथे लोकसंख्या घटते आहे तिथेही घरं वाढतायत. अशा संपन्न प्रदेशांच्या यादीत आपला सह्याद्रीही आहे. त्या लेखाच्या लेखकांमध्ये एक नाव पॉल एर्लिक यांचं आहे. बॉम्बवाले एर्लिक. मला हे वाचून बरं वाटलं. माणूस पस्तीस वर्षांनी का होईना, डोकी मोजता मोजता चुली मोजायला लागला.

चुलीचं गणित सोपं आहे. एका घरात दहा माणसं असोत की दोन, फ्रिज एकच लागतो, छप्पर एकच लागतं, बोअर एकच लागते. दहाची पाच घरं झाली की सगळं पाचपट. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत भारतातलं घर सरासरी साडेचार माणसांच्याही खाली आलेलं दिसतं. त्याच पाहणीत देशाचा जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, २.० आहे आणि महाराष्ट्राचा १.७. म्हणजे महाराष्ट्र 'हम दो हमारे दो'च्याही खाली उतरला आहे. ज्यांना अजून महाराष्ट्रात लोकसंख्येचा विस्फोट दिसतो, त्यांनी एकदा प्रसूतिगृहं सोडून सिमेंटच्या गोदामात चक्कर मारावी.

आता जगाकडे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा हिशेब असा, की १९७० साली माणसाने पृथ्वीतून वर्षाला सुमारे ३,००० कोटी टन माल काढला : लाकूड, धान्य, कोळसा, तेल, धातू, वाळू, खडी, सगळं धरून. २०२४ पर्यंत हा आकडा १०,००० कोटी टनांच्या पुढे गेला. याच काळात लोकसंख्या ३७० कोटींवरून ८०० कोटींच्या वर गेली. दोन्ही वाढले हे खरं, पण माणशी माल आठ टनांवरून तेरा टनांवर गेला. आणि या सगळ्या ढिगातला निम्मा भाग म्हणजे वाळू, खडी, दगड आणि माती. नुसती वाळू आणि खडीच वर्षाला ५,००० कोटी टन लागते. पाण्याखालोखाल माणूस सगळ्यात जास्त वापरतो ती हीच वस्तू. २०२० साली इस्रायलच्या वाइझमान संस्थेतल्या संशोधकांनी मांडलं की माणसाने बनवलेल्या वस्तूंचं एकूण वजन पृथ्वीवरच्या सगळ्या सजीवसृष्टीच्या कोरड्या वजनाला गाठून पुढे निघालं आहे. त्यात सिंहाचा वाटा काँक्रीट आणि खडीचा. झाडं, हत्ती, देवमासे, बुरशी आणि आपण एका पारड्यात, आणि दुसऱ्या पारड्यात मुख्यतः बांधकाम.

वाळवंट एवढं पडलंय मग वाळूची ओरड कशाला, असं वाटू शकतं. पण वाऱ्याने घासून गोल झालेली वाळवंटातली वाळू सिमेंटला धरत नाही. नदीतली, खाडीतली, कोनेदार वाळूच लागते. आमच्याकडे ती पूर्वी हातपाटीने काढत. होडी खाडीत उभी करायची, बांबूला धरून माणसाने बुडी मारायची, पाटी भरून वर यायचं. दम संपेल तेवढीच वाळू निघायची. आता सक्शन पंप बसवला की दम संपायचा प्रश्नच नाही. रात्री डंपर चालतात, गावातली तरणी पोरं दिवसा झोपतात, आणि सगळ्यांना सगळं माहीत असतं. इथेही तोच हिशेब. बुडी मारणारा माणूस गेला, पंप आला, आणि खाडी खोल झाली.

चिऱ्याचंही तसंच. जांभ्याचा चिरा पूर्वी पहारीने आणि टिकावाने तासून काढत, एक माणूस दिवसभर राबला तरी ढीग लहानच. आता सड्यावर कटर मशीन रुळांवरून सरकतं, तांबडा धुरळा उडतो आणि संध्याकाळपर्यंत ट्रकच्या ट्रक भरतात. यंत्रावर राबणारी माणसं बहुतेक कर्नाटकातून आलेली. आमची पोरं ठाण्यात आणि पुण्यात डिलिव्हरी करतात. खाण संपली की खड्डा तसाच सोडून देतात, पावसात तो तळ्यासारखा भरतो. ज्या सड्यांवर हे चालतं त्यांना कागदोपत्री पडीक म्हणतात. याच सड्यांवर हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी हत्ती, मासे आणि माणसं कोरून ठेवली आहेत. ही कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. तेव्हा पडीक म्हणजे काय, हे एकदा ठरवायला हवं. पावसाळ्यात त्या कातळावर वीतभर मातीतून जी फुलं येतात, ती पाहिल्यावर तलाठ्याने हा शब्द वापरावा का, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

मात्र माणसं गेल्याचा निसर्गाला काहीच फायदा झाला नाही असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. आमच्या परड्याच्या वरच्या अंगाला ज्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरी व्हायची, तिथे आज रान आहे. पूर्वी भाताची रोपं करायच्या जागी राब भाजण्यासाठी कवळ, म्हणजे झाडांच्या डहाळ्या, तोडत. दरवर्षी ऐन आणि किंजळीच्या फांद्या छाटून झाडं पार बोडकी करून ठेवत. ती झाडं आता डोकं वर काढून उभी आहेत. रानडुकरं एवढी वाढली की काकूने भोपळ्याचा वेल लावणंच सोडलं. बिबट्या दिसणं ही आता बातमी राहिलेली नाही. शेती सुटली की रान परत येतं, हे युरोपात लांडग्यांच्या रूपाने दिसलं, जपानच्या खेड्यांत अस्वलांच्या. आमच्याकडे ते वानरांच्या रूपाने येतं आणि ओटीवरचे फणस नेतं.

पण हे रान टिकत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल अगदी थोडं. झाडी बहुतेक खासगी मालकीची. मालक मुंबईत, सातबाऱ्यावर वीस नावं, त्यातल्या निम्म्यांनी जागा पाहिलेली नाही. एक दिवस कोणीतरी दलाल येतो, तोड ठरते, आणि पंचवीस वर्षांत वाढलेलं रान आठवड्याभरात ट्रकांतून घाटावर जातं. मग जेसीबी लागतो. डोंगराला आडव्या पायऱ्या पाडल्या जातात, वर आंबा किंवा काजू, किंवा 'सी-व्ह्यू प्लॉट', 'निसर्गाच्या सान्निध्यात दुसरं घर'. आमच्या गावातून समुद्र दिसत नाही, पण जाहिरातीत दिसतो. आंब्याच्या बागेत राखणीला नेपाळी कुटुंब ठेवलेलं असतं, मच्छीमार बोटींवरही नेपाळी खलाशी. म्हणजे आम्ही गेलो आणि आमच्या जागी हिमालयातून माणसं आली, आणि त्यांची गावं तिकडे ओस पडतायत. पृथ्वीवर सगळीकडे असं एकाच्या रिकाम्या जागी दुसरा सरकतो आहे.

जुन्या घराचं कौतुक मी इथपर्यंत केलं आहे आणि आता मला आवरायला हवं, कारण ते टिकवणारे हात कोणाचे होते हे मी पाहिलेलं आहे. विहिरीवरून पाणी आणणं, सारवणं, शेणी थापणं, डोंगरातून लाकडाची मोळी डोक्यावर आणणं, चुलीच्या धुरात डोळे लाल करून बसणं, हे सगळं बायकांनी केलं. पुरुष मुंबईला गिरणीत, मनीऑर्डर महिन्याकाठी. २०११ साली रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. याचं कारण मुलींवरचं प्रेम नव्हे, पुरुष बाहेरगावी असणं हे होतं. काकूला नळ, गॅस आणि लादी मिळाली तेव्हा ती सुटली. तिच्यासमोर मातीच्या घराची थोरवी गायला गेलो तर ती म्हणते, "मग ये की सारवायला." त्यावर माझ्याकडे उत्तर नसतं.

मुलं कमी असावीत हा विचारही आपल्याकडे मुळात बाईच्या बाजूने आला होता. मुरुडच्या कर्वे घराण्यातल्या रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी प्राध्यापकी गमावली, 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवून कोर्टाच्या पायऱ्या चढले. त्यांच्या लेखी प्रश्न बाईच्या शरीराचा आणि तिच्या मर्जीचा होता. पुढे सरकारने तो डोक्यांचा केला. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या, आणि महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर करून ठेवलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अडलं. डोकी मोजण्याची एक सोय असते : जास्तीची डोकी नेहमी दुसऱ्याची असतात. झोपडीतली, दुसऱ्या धर्माची, बिहारमधली. एका भारतीयामागे वर्षाला साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड, एका अमेरिकन माणसामागे चौदाच्या आसपास, हा आकडा समोर ठेवला की बॉम्ब कोणाच्या घरात आहे हा प्रश्न जरा अवघड होतो. आणि भारतातही त्या दोन टनांत काकूचा वाटा किती आणि चार घरं बांधणाऱ्या आम्हा चाकरमान्यांचा किती, हे आम्ही कोणी मोजत नाही.

संयुक्त राष्ट्रांचा २०२४ चा अंदाज असा, की या शतकाच्या ऐंशीच्या दशकात जगाची लोकसंख्या १,००० कोटींच्या थोडी पुढे जाऊन टेकेल आणि मग उतरायला लागेल. दक्षिण कोरियाचा जननदर २०२३ साली ०.७२ होता. जपानमध्ये त्याच वर्षी ९० लाख घरं रिकामी मोजली गेली, देशातल्या सात घरांमागे जवळजवळ एक. तरी टोकियोत नवे मनोरे उठतायत. म्हाताऱ्यांच्या देशात हात कमी म्हणून यंत्रं जास्त, यंत्रं जास्त म्हणून वीज जास्त. माणसं कमी होण्याची वाट बघत बसलं की बाकीचं आपोआप होईल, हा निबंध तिकडेही नापास झालेला दिसतो.

आपल्याकडे पुढची जनगणना २०२७ ची. तिच्या आधी घरयादी होते. भिंत कशाची, छप्पर कशाचं, जमीन कशाची, खोल्या किती, राहतं कोण, पाणी कुठून येतं. डोक्यांच्या आकड्यावर टीव्हीवर चर्चा झडतील, मला मात्र या यादीचं कुतूहल आहे. छपराच्या रकान्यात कौलं किती उरली आणि कुलूपबंद घरं किती भरली, हे तालुकावार पाहायचं आहे. आमच्या परड्यातून तरी तीन कुलपं नक्की जमा होतील.

दरम्यान धाकट्या चुलतभावाला पाचवं घर बांधायचं आहे, आजोबांचं घर पाडून त्या जागेवर. मी कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सुचवलं, की पाडू नकोस, आपण सगळे मिळून दुरुस्त करू. वाडीत एक तरुण आहे, लॉकडाऊनमध्ये गावी आला तो परत गेला नाही. त्याला सुतारकाम येतं, शाकारणी येते, तो आणि त्याची बायको घरात राहायला तयार आहेत. महिना पगार मागतो, तो पाच भावांत वाटला तर एकेकाचा मोबाइल आणि ओटीटीचा खर्च होईल एवढाच. बायकोचा पगार वेगळा धरायचा, ही काकूची अट. दादाने होकाराचा अंगठा टाकला. बाकीच्यांनी विचारलं, बाथरूम किती होतील, आणि हा उद्या सोडून गेला तर? सोडून जाईल, हे शक्यच आहे, माणूस आहे. गेल्या वर्षी सामायिक पत्र्याच्या शेडसाठी वर्गणी काढली तेव्हा एकानेही काही विचारलं नव्हतं. पगारावर गणपतीपासून चर्चा चालू आहे.